रात्रीच्या बाऱ्यासाठी (पिकाला पाणी भरण्यासाठी) बॅटरीचा उजेड आपल्याला हवा तसा बसवणे : कोणी काय सेटिंग ठेवलं आहे?

केळीबाग_रावेर | रविवार, रात्री ९.४०

राम राम मंडळी. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरतो. आत घालतो तो सेल.

आमची केळी रावेरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. शेतीची लाइन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात नाना (माझे वडील, वय ६७) मोटर सुरू करायला आणि ठिबकचे कॉक फिरवायला दोन-तीनदा उठतात. मी असलो की मी जातो, पण माझी नोकरी जळगावला, रोज येणं होत नाही.

मागच्या पावसाळ्यात मी त्यांना एक एलईडी बॅटरी आणून दिली. एक बटण आणि पाच मोड : मोठा, मधला, लहान, लुकलुक आणि एसओएस. शेवटचा मोड लक्षात ठेवते, याचं तेव्हा मला कौतुक वाटलं होतं. एका रात्री नानांनी बटण दाबलं तर आदल्या वेळचा लुकलुक मोड लागला. लहान उजेड आणायला ते दाबत गेले, एसओएस आला, मग एकदम मोठा. समोर केळीचं ओलं पान. तो सगळा उजेड पानावरून उलटा त्यांच्या डोळ्यांवर. डोळे दिपले आणि त्याच दिपलेल्या डोळ्यांनी टाकलेलं पाऊल बांधावरच्या घोणशीपासून हातभर लांब पडलं. घोणस कुकरसारखी फुसफुसते म्हणून नाना जागीच थांबले. काही झालं नाही. पण बॅटरी मी दिली होती, आणि ती रात्र माझ्या डोक्यातून जात नाही.

तेव्हापासून ज्या बॅटरीत उजेडाच्या पायऱ्या आपण स्वतः ठरवू शकतो, त्यांचा अभ्यास करतोय. मला समजलं ते असं. एका प्रकारात कंपनी मोडचे गट तयार करून देते आणि आपण त्यातला एक निवडतो. कॉन्व्हॉय एस२+ या बॅटरीत बिस्कॉटी नावाचं फर्मवेअर (बॅटरी चालवणारा आतला प्रोग्राम) येतं, त्यात असे १२ गट आहेत. लुकलुक नसलेला गट एकदा निवडला की लुकलुक पुन्हा समोर येत नाही. एवढ्यानेही नानांची ती रात्र टळली असती. दुसरा प्रकार अँड्युरिल नावाच्या फर्मवेअरचा. टॉयकीपर या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रामरने ते लिहिलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. सोफर्न, वुर्कोस, एमिसार या कंपन्यांच्या बऱ्याच बॅटऱ्यांत आता अँड्युरिल २ असतं. त्यात उजेडाच्या १५० पातळ्या आहेत. त्यातली तळाची कोणती, वरची कोणती आणि मध्ये किती पायऱ्या, हे सगळं आपल्या हातात.

मी सोफर्न एससी३१ प्रो घेतली आहे. नानांना देण्याआधी तुमचे अनुभव हवेत. जास्तीत जास्त लुमेन (उजेडाचं माप) किती, हे मी विचारत नाही. सर्वात कमी उजेड किती ठेवता आणि बटण दाबल्यावर पहिला कोणता लागतो, हे सांगा.

---

धुळे_सर्किट | रविवार, रात्री १०.२५

चांगला धागा काढलात. मी धुळ्याला इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्ती करतो. पायऱ्या बसवण्याआधी डोळ्याचा हिशेब सांगतो, कारण बहुतेक चुका तिथेच होतात.

उजेड दुप्पट केला म्हणून डोळ्याला दुप्पट वाटत नाही. दुप्पट वाटायला साधारण चौपट लुमेन लागतात. ५००, ७५० आणि १००० अशा पायऱ्या असलेली बॅटरी तीन मोडची म्हणून विकतात, पण शेतात त्या तिन्ही सारख्याच दिसतात. ५, २०, ८०, ३२० अशा पायऱ्या ठेवा, प्रत्येक वेगळी जाणवेल.

आता सेल. १८६५० म्हणजे १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब. ३००० एमएएचचा चांगला सेल धरा. एस२+ च्या एका प्रकारात ७१३५ नावाच्या आठ चिप असतात, एक चिप साधारण ३५० मिलीअँपिअर सोडते. एका चिपवर चालवली तर आठ तासांच्या वर जाते, म्हणजे अख्खं रात्रीचं बारं निघतं. आठही चिपवर चालवली तर २.८ अँपिअर, तासाभरात सेल खलास. चढ्या मोडवर बारा तास चालेल असं कोणी सांगितलं तर हा भागाकार करून बघायचा. आणि ९९०० एमएएच छापलेले १८६५० घेऊ नका. या आकाराचे खरे चांगले सेल ३५०० च्या आसपास थांबतात.

आणखी एक. काही स्वस्त बॅटऱ्या कमी उजेडासाठी एलईडी भराभर चालू-बंद करतात. हात हलवला की उजेडाचे तुकडे दिसतात, काहींचं डोकं दुखतं. बघायला सोपं आहे : मोबाईलचा कॅमेरा समोर धरायचा, पट्टे सरकताना दिसले की समजायचं.

---

तापीकाठ | सोमवार, सकाळी ७.१०

स्पष्ट बोलतो, राग मानू नका. म्हाताऱ्या माणसाच्या हातात प्रोग्रामिंगची बॅटरी देणं मला पटत नाही. आमच्या आबांनी तीन सेलच्या पत्र्याच्या बॅटरीवर चाळीस वर्षं पाणी भरलं. खटका पुढे केला की चालू, मागे केला की बंद. तुमच्या नानांना घोणस दिसली नाही ती मोड जास्त झाल्यामुळे, आणि तुम्ही तर १५० पातळ्यांची आणली.

---

केळीबाग_रावेर | सोमवार, सकाळी ८.०५

तापीकाठ दादा, राग कसला, हीच भीती मलाही होती. पण पातळ्या १५० असल्या तरी नानांना त्या दिसणारच नाहीत. अँड्युरिल २ मध्ये साधा वापर म्हणून वेगळी व्यवस्था आहे. त्यात लुकलुक नाही, एसओएस नाही, सेटिंगचा मेनूही उघडत नाही. मी माझ्या बाजूने तळ, वरची हद्द आणि पायऱ्या बसवायच्या आणि ती साध्या वापरात टाकून त्यांच्या हातात द्यायची. किती सोपं करायचं हे मला ठरवता येतं, म्हणूनच मी ही घेतली.

आबांची खटक्याची बॅटरी माझ्याही मनात आहे. तिचा गुण एकच होता : दाबल्यावर काय होणार हे माहीत असायचं. मला तेच हवंय.

---

सातपुडा_पायवाट | सोमवार, दुपारी १.३०

मी शहाद्याहून. तोरणमाळला पावसाळ्यात आणि थंडीत वरचेवर जातो, म्हणून धुक्याबद्दल लिहितो. दाट धुक्यात मोठा उजेड लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, पाण्याचे कण तो सगळा आपल्याकडेच परत पाठवतात. तुमच्या केळीच्या पानाचं तेच. अशा वेळी उजेड कमी करायचा आणि बॅटरी डोळ्यांपासून लांब, खाली धरायची.

सापासाठी तर हे फारच महत्त्वाचं. डोक्याला लावायची बॅटरी हात मोकळे ठेवते, पण तिचा उजेड डोळ्यांच्या जवळून जातो, त्यामुळे जमिनीवरच्या वस्तूची सावली आपल्याला दिसत नाही आणि सगळं सपाट भासतं. तीच बॅटरी कमरेपाशी किंवा गुडघ्याच्या उंचीवर आडवी धरा. ढेकूळ, काटकी, साप, प्रत्येकाची लांब सावली पडते. घोणशीच्या अंगावरचे ठिपके पाचोळ्यात मिसळून जातात, सावली मिसळत नाही. मण्यार रात्रीच फिरते आणि काळ्या मातीत नुसत्या रंगावरून दिसणं अवघड, तिथेही सावलीच कामाला येते.

गुडघ्याजवळ धरायची म्हटल्यावर फार मोठा उजेड लागतच नाही. गमबूट मात्र हवेतच. बॅटरी कितीही चांगली असो, त्यांची जागा ती घेऊ शकत नाही.

---

पारोळाना_पोऱ्या | सोमवार, सायंकाळी ६.५०

भाऊ, मना बाप बी तसाच शे. बॅटरी हातमा लिन्ही का पहिलं मोठंच बटन दाबस. तू जे सांगस ते पटनं. पन माले एक सांग, सेल काढीसन दुसरा टाका तं सेटिंग ऱ्हास का जास?

---

धुळे_सर्किट | सोमवार, सायंकाळी ७.१५

ऱ्हास भाऊ, ऱ्हास. सेटिंग आतल्या चिपच्या मेमरीत लिहिलं जातं, सेल काढला तरी पुसलं जात नाही. पुसायचंच असेल तर बहुतेक अँड्युरिल बॅटऱ्यांत बंद असताना बटण १३ वेळा दाबायचं आणि तेरावा दाब धरून ठेवायचा, मग सगळं कारखान्यातल्यासारखं होतं.

---

पाड्यावरची_ताई | सोमवार, रात्री ९.००

मी धडगाव भागात आशा म्हणून काम करते. शेतीचा विषय आहे, तरी लिहिते.

रात्री एखाद्या घरी बाळंतिणीकडे बोलावणं येतं. वाट डोंगराची, घरं लांब लांब. वाटेवर मला मध्यम उजेड पुरतो. पण घरात शिरताना तोच उजेड बाळाच्या आणि आईच्या तोंडावर गेला तर दोघं दचकतात. पूर्वी मी बॅटरीवर ओढणीचा पदर धरायचे. आता माझ्या बॅटरीत बटण दाबून धरलं की अगदी मंद उजेडापासून सुरू होते. दारात बंद करायची, आत गेल्यावर दाबून धरायची. एवढ्या एका गोष्टीसाठी मी ती सोडणार नाही.

रंगाचंही बोलायला हवं. पिवळसर उजेडात सगळंच पिवळं दिसतं, निळसर पांढऱ्या उजेडात माणूस फिकट वाटतो. बाळाला कावीळ आहे का, हे बॅटरीच्या उजेडात ठरवू नये. ते दिवसाच्या उजेडात बघायचं, आणि शंका आली तर लगेच दवाखाना. बॅटरी निवडताना रंग खरे दाखवणारी घ्यावी असं माझं मत आहे. जखम, रक्त, औषधाच्या पट्टीवरची अक्षरं, सगळं त्याने नीट कळतं.

---

केळीबाग_रावेर | सोमवार, रात्री ९.३५

ताई, तुमच्या प्रतिसादाने माझा एक प्रश्न सुटला. बंद असताना दाबून धरलं की तळापासून सुरू होतं, हे मी वाचलं होतं, पण त्याचं मोल लक्षात आलं नव्हतं. नानांना "एकदा दाबा, दोनदा दाबा" शिकवायचंच नाही. फक्त "दाबून धरा, पुरेसं दिसलं की सोडा" एवढंच सांगायचं. मग आदल्या रात्री कोणता मोड होता याने काही फरक पडत नाही.

---

धुळे_सर्किट | सोमवार, रात्री १०.१०

ताईंनी सांगितलं ते सीआरआय. सूर्याच्या उजेडाला १०० धरून रंग किती खरे दिसतात याचं ते माप. साध्या एलईडी ७० च्या आसपास असतात, निचिया ५१९ए सारख्या ९० च्या वर. लुमेन थोडे कमी मिळतात, पण केळीच्या पानावरचा करपा किंवा मक्याच्या पोंग्यातली लष्करी अळी रात्री ओळखायची असेल तर मी जास्त सीआरआयचीच घेईन. अळी दिवसा पोंग्यात दडते आणि रात्री बाहेर येते, त्यामुळे रात्रीची पाहणी वाया जात नाही. रंगाचं तापमान ४००० ते ५००० केल्विनच्या मध्ये ठेवा.

---

भुसावळ_गस्त | मंगळवार, पहाटे ५.२०

रात्रपाळी संपवून लिहितोय. रुळांच्या कामात आमची हातबत्ती ठरलेली असते : पांढरा, लाल, हिरवा. तिच्यात स्वतःच्या मनाने काही बदलायचं नसतं आणि ते योग्यच आहे. समोरून येणाऱ्या गाडीच्या चालकाला त्या रंगाचा एकच अर्थ कळला पाहिजे.

इथे लिहायचं कारण वेगळं आहे. हल्लीच्या बऱ्याच बॅटऱ्यांत काचेमागे छोटे रंगीत दिवे असतात आणि ते लाल-हिरवे करता येतात. रुळालगत ज्यांची शेतं आहेत त्यांनी ते बंद ठेवावेत. आणि पांढरी बॅटरीसुद्धा रुळाजवळ आडवी जोरजोरात हलवू नका. रात्री लाल दिवा हाताशी नसेल तेव्हा पांढरा दिवा अंगासमोर आडवा जोरात हलवणं हा आमच्याकडे थांबण्याचा इशारा आहे. शेतातल्या सोबत्याला हाक म्हणून कोणी बॅटरी हलवतो आणि गाडीचा चालक ब्रेक लावतो. खरंच धोका असेल तर मात्र जरूर हलवा, त्याने जीव वाचतील.

---

वणीचा_पायी | मंगळवार, दुपारी १२.४५

चैत्रात आम्ही पायी सप्तशृंगी गडावर जातो. ऊन एवढं असतं की दुपारी झाडाखाली पडायचं आणि रात्री चालायचं. पन्नास-साठ जणांत प्रत्येकाने मोठी बॅटरी लावली की पुढच्याच्या पाठीवर उजेड पडतो, मागच्याला काहीच दिसत नाही, आणि समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याच्याही डोळ्यांत जातो. आता आमच्या दिंडीत पहिला आणि शेवटचा माणूस मध्यम उजेडावर चालतो, बाकीचे अगदी मंदावर, झोत पायाशी. अंधाराला डोळा पुरता सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि एका मोठ्या झोताने ती सगळी फुकट जातात. हे आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षकांनी समजावलं तेव्हापासून कोणी मोठा मोड लावत नाही. चांदण्यात तर बॅटरी बंदच असते.

---

तापीकाठ | मंगळवार, सायंकाळी ५.३०

मी पुन्हा आलो. धागा पूर्ण वाचला. साध्या वापराची व्यवस्था मला माहीत नव्हती, त्यामुळे माझा आधीचा आक्षेप मागे घेतो. पण एक प्रश्न खरा आहे. आमच्याकडे मे महिन्यात ४५ अंश. रात्री दहालाही मोटरची पत्र्याची खोली भट्टीसारखी असते. त्यात ही बॅटरी टिकेल का?

---

धुळे_सर्किट | मंगळवार, सायंकाळी ६.४०

खानदेशात हा प्रश्न आधी विचारायला हवा. अँड्युरिल बॅटरी आपलं तापमान मोजते आणि ठरलेली मर्यादा ओलांडली की उजेड हळूहळू कमी करते. कारखान्यातून ही मर्यादा बहुधा ४५ अंशांवर येते. थंड देशात ती ठीक आहे. आपल्याकडे मे महिन्यात बॅटरी हातात घेण्याआधीच तिथवर पोचायला आलेली असते, म्हणून मोठा उजेड लावला की लगेच उतरतो आणि लोकांना वाटतं माल खराब निघाला.

मर्यादा वाढवता येते. सेल किती भरलाय हे दाखवणाऱ्या मोडमध्ये तीन दाबांनी जायचं, पुढे दोन दाबांनी तापमानावर, आणि तिथे सात वेळा दाबून सातवा धरून ठेवायचा. मग उघडणाऱ्या मेनूच्या दुसऱ्या कलमात जितके दाब, तितके ३० च्या वर अंश, म्हणजे ५० साठी २० दाब. पण मी मर्यादा वाढवत नाही, वरची हद्दच खाली आणतो. १५० ऐवजी १०० ठेवली की तापायचा प्रश्न जवळपास मिटतो. हद्द बसवताना मोजणी वरून होते हे ध्यानात ठेवा : एक दाब म्हणजे १५०, आणि १०० साठी ५१ दाब. कंटाळा येतो, पण एकदाच करायचं आहे.

आणि तापलेल्या खोलीत चार्जिंग लावू नका. ४५ अंशांच्या वर लिथियम सेल चार्ज करणं धोक्याचं. मे महिन्यात पहाटे लावा, घरात, फरशीवर ठेवून. ट्रॅक्टरच्या सीटखाली किंवा गाडीच्या काचेपाशी उन्हात सेल राहू देऊ नका.

---

मक्याचा_राखणदार | मंगळवार, रात्री ८.१५

चोपडा तालुका, आमच्याकडे रानडुकरं मक्यात शिरतात. लुकलुक मोड सगळ्यांनी काढून टाकला तर आम्ही काय करायचं? पहिले काही दिवस त्याने डुकरं पळतात, नंतर सरावतात हे खरं, तरी मला तो हवा आहे.

---

केळीबाग_रावेर | मंगळवार, रात्री ८.५०

दादा, तुमच्यासाठी तो ठेवायलाच हवा, फक्त वाटेत नको. नेहमीच्या पायऱ्यांमध्ये नसावा आणि मुद्दाम ठरावीक दाब दिल्याशिवाय लागू नये. पूर्ण वापराच्या व्यवस्थेत तो तसाच वेगळा असतो. घरात कोणाला फिट येत असेल तर त्यांच्यासमोर लावू नका, लुकलुकीने फिट येऊ शकते. आणि यावलच्या जंगलाकडच्या शेतात दोन डोळे चमकले तर लुकलुक लावून त्यांच्या मागे जायचं नाही. बिबट्या असू शकतो. आवाज करत, त्याला वाट मोकळी ठेवून मागे सरायचं.

---

केळीबाग_रावेर | शनिवार, रात्री ११.००

आज घरी आलो आणि नानांना घेऊन सेटिंग बसवलं. कसं केलं ते लिहितो, कोणाला उपयोग होईल.

आधी मी माझ्या डोळ्यांनी तळ ठरवला होता, पहिली पातळी. मला अंधारात तेवढ्यात पायवाट दिसत होती. नानांना काहीच दिसेना. वाचलं तेव्हा कळलं की साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या माणसाच्या साधारण एक तृतीयांशच उजेड पोचतो. त्यात नानांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, मोठा उजेड त्यांना चांदण्या फुटल्यासारखा पसरलेला दिसतो. म्हणजे त्यांचा तळ माझ्यापेक्षा वर हवा आणि वरची हद्द माझ्यापेक्षा खाली.

मग ठिबकच्या काळ्या नळीचा दोन हात तुकडा घेतला आणि नाना पाठमोरे असताना बांधावर कुठेही टाकला. काळी माती, काळी नळी. अर्धा तास दोघं अंधारात बसलो, केळीच्या भावाबद्दल बोललो. मग त्यांना चालायला सांगितलं, बॅटरी गुडघ्याजवळ धरून. पाच पावलांवरून नळी दिसली पाहिजे, नाही दिसली तर तळ वाढवायचा. सात-आठ फेऱ्या झाल्या. शेवटी तळ १५ वर बसला. वरची हद्द ९० वर ठेवली, केळीच्या पानासमोर धरून त्यांचे डोळे मिटले नाहीत तिथे. मध्ये चारच पायऱ्या. सेटिंगचे दाब मीच मोजले, ६१ दाब देताना नाना शेजारी बसून आकडे म्हणत होते.

साध्या वापराचे आकडे बसवायचे असतील तर पूर्ण वापरात, बॅटरी बंद असताना १० वेळा दाबून दहावा धरायचा. तळ, हद्द आणि पायऱ्या अशी कलमं ओळीने येतात. नंतर १० वेळा नुसतं दाबलं की साधा वापर सुरू होतो. मला हे दुसऱ्या प्रयत्नात जमलं.

शेवटची फेरी नाना एकटे गेले. मी खळ्यावरून बघत होतो. उजेडाचा लहान गोल बांधावरून हळूहळू सरकत होता, एका ठिकाणी थांबला, खाली वाकला. परत आले तेव्हा नळीचा तुकडा हातात होता. म्हणाले, "शेजारच्या आप्पालेबी अशीच एक बसवून दे. त्याचा डोळा माह्यापेक्षा अधू आहे, त्याले इथं बोलावून मोजजो."

सोमवारपासून आमचा रात्रीचा आठवडा. आप्पांना उद्या संध्याकाळी बोलावलं आहे.